पुनर्नवा (घेटुळी)

गुलबक्षीच्या कुलातील, जमिनीलगत पसरणारी बहुवर्षायू वनस्पती. शास्त्रीय नाव बोऱ्हाविया डिफ्यूजा. उन्हाळ्यात वेल वाळतो, जाड मूळ मात्र जिवंत राहते व पावसाबरोबर पुन्हा फुटते. प्रजातीचे नाव डच वैद्य हेर्मान बूरहाव्ह (१६६८–१७३८) यांच्यावरून पडले.

प्राचीन ग्रंथांतील पुनर्नवा नेमकी कोणती, याबद्दल एकमत नाही. चरकसंहितेच्या (काळ अनिश्चित, आजचे स्वरूप बहुधा इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतले) कासहर (खोकला कमी करणाऱ्या) व स्वेदोपग (घाम आणण्यास मदत करणाऱ्या) या दोन्ही द्रव्यगणांत ‘वृश्चीर’ आणि ‘पुनर्नवा’ शेजारीशेजारी येतात. दहा द्रव्यांच्या गणात एकच वनस्पती दोनदा मोजली जाणे संभवत नाही; तेव्हा त्या दोन वेगळ्या मानल्या जात असाव्यात. वृश्चीर म्हणजे पांढरी पुनर्नवा, असा अर्थ सामान्यतः लावतात. भावप्रकाश या आयुर्वेदीय ग्रंथातही (सोळावे शतक) श्वेत व रक्त असे प्रकार आहेत. रक्त म्हणजे घेटुळी, याला आज फारसा विरोध नाही. श्वेत म्हणून काही जण बोऱ्हाविया व्हर्टिसिलॅटा सुचवतात, तर काही वेगळ्या कुलातील खापरा (ट्रायँथेमा पोर्टुलॅकॅस्ट्रम). जुने वैद्य कुलभेद पाहत नसत आणि दोन्हींची मुळे आजही एकमेकांत मिसळलेली आढळतात. त्यामुळे खापऱ्याचा पक्ष सहज बाजूला सारता येत नाही. केवळ फुलांच्या रंगावरून केलेला निवाडा मात्र टिकत नाही, कारण घेटुळीचीच फुले पांढरट ते गडद गुलाबी असतात. वसू, खापरा ही देशी नावेही दोन्हींना लावली जात असल्याने गोंधळ वाढतो. खरी खूण फळात आहे: घेटुळीचे फळ पाच कंगोऱ्यांचे, चिकट, कपड्याला लागणारे, खापऱ्याचे टोक झाकणासारखे निघते. घेटुळीत पुंकेसर बहुधा दोन-तीन, खापऱ्यात दहा ते वीस.

आयुर्वेदात घेटुळीचे मूळ सूज, पांडू (अंग फिके पडण्याचा रोग) व मूत्रविकारांवर देतात; पुनर्नवा मंडूर हा प्रसिद्ध कल्प पांडुरोगाच्या चिकित्सेतला. मूत्रल (लघवी वाढवणाऱ्या) गुणाचे श्रेय पुनर्नवीन या अल्कलॉइडाला दिले गेले, तरी मुळात पोटॅशियम नायट्रेटही भरपूर असते, हे विसरू नये. पावसाळ्यात कोवळ्या पानांची भाजी करतात.

ब्राझीलमध्ये मुळाचा काढा यकृताच्या तक्रारी व काविळीवर घेतात. घानात उकडलेली मुळे गळवांवर, तसेच नारू बाहेर काढण्यासाठी लावल्याच्या नोंदी आहेत. मात्र बोऱ्हावियाच्या डिफ्यूजा, रेपेन्स व कॉक्सिनिया या जातींच्या सीमा वनस्पतिशास्त्रज्ञांत अजून वादग्रस्त असल्याने, दूरदेशीच्या जुन्या नोंदी एकाच जातीच्या समजणे धाडसाचे ठरेल.