कंदील घे, उत्तरेकडे जा : टेक्स्ट ॲडव्हेंचरची पार्श्वभूमी

आमच्या ठाण्यातील सोसायटीत पाचवी ते आठवीची काही मुले या मे महिन्याच्या सुट्टीत पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत टेक्स्ट ॲडव्हेंचर लिहीत आहेत. खेळ ठाण्यातल्याच तलावपाळीवर सुरू होतो. पडद्यावर चित्र एकही नाही, चार ओळींचे वर्णन वाचायचे आणि पुढे काय करायचे ते टाइप करायचे. इतका जुना प्रकार मुलांना कशासाठी, असे काही पालकांनी विचारले, त्यासाठी ही पार्श्वभूमी.

हा प्रकार जन्मालाच आला तो मुलांसाठी. विल क्राउदर हा अमेरिकी प्रोग्रामर आर्पानेटच्या, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वरूपाच्या, उभारणीत होता आणि हौशी गुहा-संशोधक म्हणून केंटकीतील मॅमथ केव्हच्या गुहांचे नकाशेही तयार करत असे. घटस्फोटानंतर आपल्या लहान मुलींना खेळता यावे म्हणून त्याने १९७५-७६ च्या सुमारास पीडीपी-१० संगणकावर, फोरट्रान या प्रोग्रामिंग भाषेत, स्वतः सरपटत पार केलेल्या त्या गुहाच शब्दांत उतरवल्या. पुढे १९७७ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉन वुड्सने त्याच्या परवानगीने त्यात खजिने आणि जादूची भर घातली. मुलांना गुहेऐवजी तलावपाळी निवडायला सांगितले ते याचमुळे : पायाखालची जागा असली की नकाशा चुकत नाही.

त्याच वर्षी एमआयटीत 'झोर्क' हा खेळ सुरू झाला आणि त्याला दोन शब्दांच्या आज्ञेऐवजी पूर्ण वाक्य समजू लागले. त्याच्या कर्त्यांनी १९७९ मध्ये स्थापन केलेली इन्फोकॉम कंपनी १९८९ मध्ये बंद पडली, पण हौशी मंडळींनी इन्फॉर्म (१९९३) आणि ट्वाइन (२००९) ही साधने करून हा प्रकार जिवंत ठेवला. आपल्याकडे त्या काळात घरोघरी संगणक नव्हते, त्यामुळे आजच्या पालकांच्या आठवणीत मारिओ आहे, झोर्क नाही.

खरी गंमत मराठीत आज्ञा घेताना येते. इंग्रजीत क्रियापद आधी येते, मराठीत शेवटी. म्हणून प्रोग्रामने आधी शेवटचा शब्द पाहायचा, हे मुलांनी पहिल्याच दिवशी ओळखले. क्राउदरचा मूळ खेळ प्रत्येक शब्दाची पहिली पाचच अक्षरे तपासत असे, कारण पीडीपी-१० च्या स्मृतीतील ३६ बिटांच्या एका कप्प्यात सात-सात बिटांची पाचच अक्षरे मावत. तीच युक्ती इथे करून पाहिली. संगणकाच्या हिशेबी 'कंदील' म्हणजे बरोबर पाच चिन्हे : क, अनुस्वार, द, दीर्घ वेलांटी आणि ल. मात्र 'कंदिलात' लिहिताच वेलांटी ऱ्हस्व होते, चौथे चिन्ह बदलते आणि शब्द ओळखला जात नाही. सध्या 'कंदिलात तेल घाल' या आज्ञेला 'मला समजले नाही' असे उत्तर येते, आणि सातवीतील एक मुलगी शब्दसूचीत सामान्यरूपांचा वेगळा रकाना भरत बसली आहे.