नाक चोंदलंय, कपाळ ठणकतंय: ॲलर्जीचा सायनस की मायग्रेन?

पावसाळा लागला की सुरू, आणि परत दिवाळीच्या साफसफाईत. कपाळ दुखलं, नाकाच्या बाजूला दाबल्यासारखं झालं की "माझा सायनस उठला". मग मेडिकलवाल्याकडून सर्दीची गोळी, सोबत तीन दिवसांचं अँटिबायोटिक (तेही न विचारता), आणि दोन दिवसांनी बरं वाटलं की शिक्कामोर्तब. अहो, मायग्रेनचा अटॅक पण ४ ते ७२ तासांत आपला आपण उतरतो! गोळीने गेला की वेळ झाली म्हणून गेला, हे कोण बघतंय.

ॲलर्जीचं तुम्हाला माहितीये, पटकन उरकतो. धूळ, गादीतले माइट्स (डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे), ओल आलेल्या भिंतीवरची बुरशी, गाजरगवताचे परागकण, यातल्या कशानेही नाकाचं आतलं अस्तर सुजतं, गालाच्या-कपाळाच्या हाडांमधल्या पोकळ्यांची (यांनाच सायनस म्हणतात) तोंडं बंद होतात, शेंबूड आत अडकतो आणि चेहरा जड होतो. शिंका आणि पाण्यासारखं नाक तर असतंच, पण मुख्य म्हणजे खाज. नाकाला, टाळूला, डोळ्यांना. खाज अजिबातच नसेल तर ॲलर्जीवर बिल फाडायच्या आधी जरा थांबा. अडकलेल्या शेंबडात जंतू वाढले तर ते इन्फेक्शन, म्हणजे दहा दिवस झाले तरी हटत नाही किंवा बरं होता होता परत उलटतं, वास येत नाही, वरच्या दाढा दुखतात, ताप येतो. नुसता शेंबूड पिवळा झाला म्हणून अँटिबायोटिक घेणाऱ्यांना तर हात जोडले, साध्या व्हायरल सर्दीतही तो पिवळा होतोच.

आता खरी गोम. लोकांच्या डोक्यात मायग्रेन म्हणजे अर्धं डोकं, आणि माझे तर गाल दुखतात, नाक पण गळतं, म्हणजे सायनसच की! पण कपाळ, गाल, सायनस या सगळ्यांची दुखण्याची खबर मेंदूकडे नेणारी नस एकच, ट्रायजेमिनल, आणि मायग्रेनमध्ये नेमकी तीच खवळते. ती खवळली की नाकातल्या रक्तवाहिन्या फुगतात, नाक चोंदतं, गळतं, डोळ्यांतून पाणी येतं. सर्दी नाही, ॲलर्जी नाही, तरी नाक वाहतंय. त्यात हवा बदलली की मायग्रेनही उठतं, त्यामुळे "पाऊस आला की दुखतं" हा पुरावा बाद. आणि तो घरोघरचा फेमस "खाली वाकून बघ, दुखतंय का" टेस्ट? वाकल्यावर मायग्रेनही वाढतं, त्यामुळे तोही बाद.

२००४ साली अमेरिकेत एक अभ्यास छापून आला होता, २,९९१ लोक, सगळ्यांना "सायनसची डोकेदुखी" म्हणून सांगितलेली किंवा त्यांनी स्वतःच ठरवलेली, इन्फेक्शनची लक्षणं नाहीत. त्यातले ८८ टक्के मायग्रेनच्या व्याख्येत बसले.

मग ओळखायचं कसं? नाकाकडे बघू नका, बाकीच्या शरीराकडे बघा. दुखताना मळमळतं का? उजेड नकोसा होतो का? गेल्या तीन महिन्यांत डोकेदुखीमुळे एखादा दिवस काम बंद ठेवावं लागलं का? तीनपैकी दोन हो आले तर मायग्रेनची शक्यता चांगलीच आहे, डॉक्टरला हेच सांगा. जिना चढल्यावर ठणका वाढतो, अंधार करून पडून राहावंसं वाटतं, हेही तिकडचंच. नुसत्या ॲलर्जीने माणूस वैतागतो, शिंकून शिंकून बेजार होतो, पण उलटीची बादली शेजारी घेऊन झोपत नाही.

दोन्ही एकाच माणसात असतात हेही खरं, ॲलर्जीवाल्यांमध्ये मायग्रेन जास्त दिसतं. म्हणून ॲलर्जीची ट्रीटमेंट सोडू नका, फक्त तिच्याकडून डोकं थांबायची अपेक्षा ठेवू नका. डॉक्टरने नाकाचा स्टेरॉइड स्प्रे दिला असेल तर तो रोज मारायचा असतो, मधल्या पडद्याकडे नाही तर बाहेरच्या बाजूला, आणि दोन दिवसांत "काही फरक नाही" म्हणून फेकायचा नसतो. याउलट नाक झटक्यात मोकळं करणारे ड्रॉप्स आठवडाभराच्या वर ओढले तर नाक उलटं जास्त चोंदतं, आणि लोक बरोबर हेच महिनोन्महिने वापरतात. डोकेदुखीच्या मिक्स गोळ्यांचंही (एकाच गोळीत दोन-तीन औषधं) तेच, महिन्यातून दहा-दहा दिवस घेतल्या की गोळ्यांचीच डोकेदुखी सुरू होते.

सीटी स्कॅनमध्ये "म्युकोसल थिकनिंग" (म्हणजे सायनसचं अस्तर जाड झालंय) लिहून आलं म्हणून कुणी हुरळून जाऊ नका, काहीही त्रास नसलेल्या माणसाच्या स्कॅनमध्येही ते सर्रास सापडतं.

फक्त डोळ्याभोवती सूज, दोन-दोन दिसणं, मान आखडून जोराचा ताप, किंवा एकदम सणकून आलेली, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी, यातलं काही असेल तर सायनस की मायग्रेन करत न बसता त्याच दिवशी हॉस्पिटल. डायबेटिस असेल आणि चेहऱ्याची एक बाजू बधिर किंवा नाकातून काळपट येत असेल तर आणखी घाई, २०२१ मधला म्युकर (काळ्या बुरशीचा आजार) आपल्याकडे अजून कुणी विसरलेलं नसेल.