बाजेचा दोर, यक्षीचं अंग

बडोद्यात शिल्प म्हटलं की आधी काळा घोडा आठवतो. घोड्यावर स्वार सयाजीराव, ओतीव धातूचे. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या दरबार हॉलमधली शिल्पं तर इटलीहून बोलावलेल्या फेलिची यांच्या हातची. मूर्ती म्हणजे धातू नाहीतर दगड, हे आपल्या मनात असं पक्कं बसलेलं. इथेच शिकलेल्या शिल्पकार मृणालिनी मुखर्जींनी सणाच्या, म्हणजे तागासारख्या तंतूच्या, दोराला गाठी मारमारून माणसाहून उंच देव्या उभ्या केल्या, हे दांडिया बाजारातल्या एखाद्या आजोबांना सांगून पाहा. बाज विणायच्या दोराची कसली मूर्ती, असंच ते विचारतील.

पण हा दोर एकाएकी आलेला नाही. सयाजीरावांनी १८९० मध्ये काढलेल्या कलाभवनात रंगाई आणि विणकाम हे शिकण्याचे विषय होते. दादासाहेब फाळके तिथलेच विद्यार्थी. पुढे १९५० मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललित कला विद्याशाखा सुरू झाली. चित्रकलेला इंदूरचे ना. श्री. बेंद्रे आले, शिल्पाला शंखो चौधुरी. चौधुरी हे शांतिनिकेतनच्या रामकिंकर बैज यांचे शिष्य, आणि रामकिंकरांनी १९३८ मध्येच सिमेंट आणि खडीतून उघड्यावर ‘संथाळ कुटुंब’ हे शिल्प उभं केलं होतं. साहित्याची जातपात न मानण्याची सवय अशी तिकडून इकडे आली. राघव कनेरिया मोडीतलं लोखंड जोडू लागले, हिंमत शाह कागद जाळून चित्रं करू लागले.

खरा धागा मात्र चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांचा. ते शांतिनिकेतनात चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जींच्या हाताखाली शिकले, आणि मृणालिनी या बिनोदबिहारींच्या कन्या. गुरूची मुलगी शिष्याकडे शिकायला आली! सुब्रमण्यन मधली काही वर्षं हातमाग मंडळात डिझाइनचं काम करून बडोद्याला परतले होते. कारागीर आणि कलावंत यांच्यामधली भिंत त्यांना मुळातच मान्य नव्हती. साठच्या दशकात सुरू झालेल्या विद्याशाखेच्या जत्रेसाठी, म्हणजे फाइन आर्ट्स फेअरसाठी, ते स्वतः खेळणी करायचे. मृणालिनींनी १९६५ ते १९७० चित्रकला शिकून पुढे त्यांच्याकडे भित्तिकला घेतली. दोर हाती आला तो त्याच सुमाराला.

काम दिसायला साधं, करायला जीवघेणं. माग नाही, सुई नाही, आधी कागदावर आराखडाही नाही. आत धातूचा सांगाडा, त्यावर रंगवलेला दोर, आणि मग बोटांनी एकामागून एक गाठ. दोराला स्वतःचं वजन असतं, तो खाली ओढतो, आणि त्या ओढीतूनच घड्या, पाकळ्या, ओठांसारखे पदर तयार होतात. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं आपण हट्टी माणसाला हिणवून म्हणतो. इथे पिळावरच सगळं उभं आहे. ‘यक्षी’ (१९८४), ‘नाग’ (१९८६), ‘वनश्री’ (१९९४) ही नावं मुद्दाम आपल्या देवळांतली आणि रानांतली. तरी ती कुठल्या एका देवाची मूर्ती नाही. फूल, शरीर आणि देवता यांत नक्की काय, ते कळत नाही, आणि मला वाटतं ते कळू नये हीच त्यातली मजा.

त्या काळी घरोघरी मॅक्रमेची झुंबरं आणि कुंड्यांची शिंकाळी लटकत होती, हेही लक्षात ठेवायला हवं. दोराच्या गाठी म्हणजे बायकांचा फावल्या वेळचा छंद, असा समज होता. त्यामुळे ही हस्तकला की शिल्प, हा प्रश्न या कामांच्या मागे कायम लागला. १९९४ मध्ये ऑक्सफर्डच्या आधुनिक कला संग्रहालयात ती मांडली गेली, तरी तो पुरता सुटला नाही.

नव्वदच्या दशकात मृणालिनी मातीकडे वळल्या आणि नंतर ब्राँझकडे, म्हणजे काळ्या घोड्याच्या धातूकडे. पण तिथेही आकार पानाफुलांचेच. २०१५ च्या जानेवारीत दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या सगळ्या कारकिर्दीचं प्रदर्शन उघडलं आणि काही दिवसांतच त्या गेल्या. न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयर या संग्रहालयात ही दोराची माणसं उभी राहिली ती २०१९ मध्ये.