देखणा संच आणि ७.१५० वरचे भूत

हौशी रेडिओचा, म्हणजे हॅमचा, परवाना नुकताच हाती आलेला एक तरुण पुण्याच्या तपकीर गल्लीत सोल्डरिंगची तार घेताना भेटला आणि त्याने विचारले, "काका, मोठ्या रंगीत पडद्याचा संच घेतला तर लांबचे जास्त ऐकू येईल ना?" पडद्याशी माझे वाकडे नाही, फ्रिक्वेन्सींच्या पट्ट्यात कोण कुठे बोलत आहे, हे धबधब्यासारख्या सरकणाऱ्या त्या चित्रात एका नजरेत कळते. मात्र संचाची खरी कसोटी लागते ती अँटेनालगतच्या पहिल्या एकदोन टप्प्यांत, आणि तेथे क्षीण संदेश पकडण्यापेक्षा बलाढ्य संदेश सोसणे अवघड असते.

संध्याकाळी ७ मेगाहर्ट्झचा पट्टा लावून पाहावा. हौशी मंडळींना ७.० ते ७.२ एवढीच जागा आहे आणि तिला लागूनच शॉर्टवेव्हची जबरदस्त प्रसारण केंद्रे सुरू होतात. समजा, त्यांतली दोन ७.२५० आणि ७.३५० वर आहेत. त्यांच्या जोरामुळे मिक्सरमध्ये, म्हणजे आलेल्या संदेशाची फ्रिक्वेन्सी बदलणाऱ्या टप्प्यात, आत जाणारे दुप्पट झाल्यावर बाहेर येणारे नेमके दुप्पट होईनासे झाले, की तो स्वतःच नव्या फ्रिक्वेन्सी जन्माला घालतो. पहिलीच्या दुपटीतून दुसरी वजा केली की त्यांतली एक मिळते : १४.५०० वजा ७.३५०, म्हणजे ७.१५०. हवेत तेथे कोणीही नसते, तरी संचात गाणे वाजते आणि पडदा ते भूतही तितक्याच सुबकपणे रेखाटतो.

या भुताचा जोर पहिल्या संदेशाचा वर्ग गुणिले दुसरा, असा ठरतो. त्यामुळे अटेन्युएटरने, म्हणजे येणारे संदेश मुद्दाम क्षीण करणाऱ्या सोयीने, दोन्ही १० डेसिबलने उतरवले, तर खरा संदेश १० डेसिबलने, म्हणजे शक्तीच्या हिशेबात दहाव्या भागावर येतो, पण भूत ३० डेसिबलने, म्हणजे हजाराव्या भागावर. उलट प्रीॲम्प्लिफायर, म्हणजे संदेश आत येतानाच वाढवणारा टप्पा, लावला की सगळेच मोठ्याने ऐकू येते आणि नवख्याला संच सुधारल्यासारखा वाटतो; प्रत्यक्षात या पट्ट्यावर विजांचा आणि शेजारच्या एलईडी दिव्यांचा गोंगाटच संचाच्या स्वतःच्या खरखरीपेक्षा मोठा असल्याने हाती काहीच जास्त लागत नाही.

त्या तरुणाला मी गच्चीवर बोलावले. माझ्या जुन्या, कळकट संचावर अटेन्युएटरचे बटण अंगठ्याखालीच आहे. ते दाबताच गाणे पुसले गेले आणि त्याखाली दबलेला नागपूरचा क्षीण आवाज वर आला. तेव्हा त्याने विचारले, "त्या नव्या संचात हे बटण मेन्यूच्या कितव्या पानावर असते?"