कॅटलोनिया : एका शब्दाचा वाद आणि युरोपच्या सीमा

स्पेनच्या ईशान्येकडील स्वायत्त प्रदेश असलेल्या कॅटलोनियाच्या प्रश्नाची सुरुवात ११ सप्टेंबर १७१४ पासून करण्याची प्रथा आहे. त्या दिवशी त्याची राजधानी बार्सेलोना स्पेनच्या राजाच्या सैन्यापुढे पडली, पुढे तेथील जुन्या संस्था बरखास्त झाल्या आणि पराभवाचा तोच दिवस आज राष्ट्रीय दिन म्हणून पाळला जातो. १९३२ साली मिळालेली स्वायत्तताही स्पेनच्या यादवी युद्धात फ्रँकोच्या लष्करी राजवटीने हिरावून घेतली. ही स्मृती खरी आणि खोल आहे. परंतु आजचा पेच समजून घ्यायचा तर स्पेनच्या १९७८ च्या राज्यघटनेतील एका शब्दापाशी थांबावे लागते.

घटनेचे दुसरे कलम स्पॅनिश राष्ट्राच्या अविभाज्य ऐक्याची ग्वाही देते आणि त्याच कलमात ‘नासिओनालिदादेस’ व प्रदेश यांचा स्वायत्ततेचा हक्कही मान्य करते. या शब्दासाठी मराठीत ‘राष्ट्रीयत्वे’ लिहिले तर घोटाळा होतो, कारण आपण राष्ट्रीयत्व म्हणतो ते पारपत्रावरचे. येथे अभिप्रेत आहे तो स्वतःची भाषा व इतिहास असलेला, साध्या प्रदेशाहून वेगळा, पण राष्ट्र म्हणून न गणलेला समाज. ही संदिग्धता म्हणजे तडजोड होती. माद्रिदला त्यात ऐक्य वाचता येत होते आणि बार्सेलोनाला मान्यता. कॅटलोनियात मतदान करणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक लोकांनी त्या घटनेला कौल दिला होता, हे आज सहज विसरले जाते.

ही तडजोड मोडली ती २८ जून २०१० रोजी. त्याआधी, २००५ मध्ये, नवा स्वायत्तता कायदा कॅटलन विधिमंडळाने संमत केला, २००६ मध्ये स्पेनच्या संसदेने त्याला बरीच कात्री लावून मंजुरी दिली आणि मग सार्वमतात सुमारे ७४ टक्के मते त्याच्या बाजूने पडली, जरी मतदान निम्म्याहून थोडे कमीच झाले होते. विरोधकांच्या अर्जावर घटनात्मक न्यायालयाने जवळजवळ चार वर्षे घेतली. अखेर त्याने १४ कलमे पूर्णतः वा अंशतः रद्द केली, प्रशासनात कॅटलन भाषेला दिलेले ‘प्राधान्य’ काढून टाकले आणि प्रास्ताविकातील ‘राष्ट्र’ या उल्लेखाला कोणताही कायदेशीर अर्थ नाही, असे ठरवले. कायद्याच्या चौकटीत हा निकाल समजण्यासारखा आहे. पण दोन विधिमंडळांनी संमत केलेल्या आणि लोकांनी मतपेटीतून स्वीकारलेल्या मजकुरावर नंतर न्यायालयाने काट मारावी, हा क्रमच उलटा होता. १० जुलैला बार्सेलोनाच्या रस्त्यांवर उतरलेल्या प्रचंड मोर्चाचे घोषवाक्य होते, ‘आम्ही राष्ट्र आहोत, आम्हीच ठरवणार.’ तोवर अल्पसंख्य असलेली स्वातंत्र्याची मागणी पुढे, आर्थिक संकटाच्या वर्षांत, मुख्य प्रवाहात आली.

त्याच महिन्यात, २२ जुलैला, आंतरराष्ट्रीय न्यायालयाने, सर्बियातून वेगळे झालेल्या कोसोव्होच्या स्वातंत्र्यघोषणेने आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग झाला नाही, असे सल्लामत दिले. कोसोव्होला मान्यता न देणाऱ्या युरोपीय महासंघाच्या पाच सदस्य देशांत स्पेन आहे, आणि त्याचे कारण घरातच आहे.

कॅटलोनियाच्या स्वातंत्र्यावरचे १ ऑक्टोबर २०१७ चे सार्वमत स्पेनच्या घटनात्मक न्यायालयाने स्थगित केले होते. तरीही मतदान केंद्रे बंद होऊ नयेत म्हणून पालक आणि शेजारी आदल्या रात्री शाळांमध्ये मुक्कामाला राहिले. मतपत्रिकेवरचा प्रश्न कॅटलन, स्पॅनिश आणि आरानेस (कॅटलोनियातील आरान खोऱ्याची भाषा) अशा तीन भाषांत छापलेला होता. पोलिसांनी दारे फोडून पेट्या उचलल्या, दंडुके चालवले. प्रादेशिक सरकारच्या आकड्यांनुसार सुमारे ४३ टक्के मतदानात ९० टक्के मते स्वातंत्र्याच्या बाजूने पडली. विरोधातील बहुसंख्य मतदार फिरकलेच नव्हते. २७ ऑक्टोबरला स्वातंत्र्याची घोषणा झाली आणि त्याच दिवशी, प्रदेशाचा कारभार केंद्राला हाती घेऊ देणाऱ्या राज्यघटनेच्या कलम १५५ खाली स्वायत्त सरकार बडतर्फ झाले. महासंघातील एकाही देशाने मान्यता दिली नाही. बाहेर पडणारा प्रदेश महासंघाबाहेर जाईल, ही ब्रुसेल्सची, म्हणजे महासंघाची, जुनी भूमिका होती आणि पुन्हा प्रवेशासाठी सर्व सदस्यांची संमती, म्हणजे स्पेनचीही, लागली असती. स्कॉटलंडमध्ये २०१४ साली लंडनच्या संमतीने स्वातंत्र्यावर मतदान झाले, तसा मार्ग येथे उघडलाच गेला नाही.

२०१९ मध्ये स्वातंत्र्यवादी चळवळीच्या नऊ नेत्यांना ९ ते १३ वर्षांच्या शिक्षा झाल्या, २०२१ मध्ये अंशतः माफी मिळाली आणि २०२४ मध्ये सार्वत्रिक माफीचा कायदा झाला. त्याच वर्षीच्या निवडणुकीत स्वातंत्र्यवादी पक्षांनी प्रादेशिक विधिमंडळातले बहुमत गमावले. दुसरे कलम मात्र १९७८ मध्ये होते तसेच आहे. ते बदलायचे तर दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश बहुमत, संसदेचे विसर्जन, नव्या संसदेत पुन्हा तेवढेच बहुमत आणि शेवटी संपूर्ण स्पेनचे सार्वमत लागते.