सवलत कुणाला, अट कुणाची? हाँगकाँगचा धडा

गरीब देशांच्या मालावर श्रीमंत देशांनी कमी आयातशुल्क लावावं, म्हणजे तिथे कारखाने उभे राहतील, हा विचार १९६८ साली दिल्लीत भरलेल्या अंक्टाडच्या (संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार आणि विकासविषयक संस्थेच्या) परिषदेत मान्य झाला. युरोपीय आर्थिक समुदायाने (आजच्या युरोपीय संघाच्या आधीच्या रूपाने) १९७१ मध्ये आणि अमेरिकेने १९७६ मध्ये तो ‘जीएसपी’ (सर्वसाधारण शुल्कसवलत योजना) या नावाने अमलात आणला. पण जो प्रदेश स्वतंत्र देश नाही, वसाहत आहे, त्याच्या पदरात यातून काय पडतं?

हाँगकाँग तेव्हा ब्रिटनच्या ताब्यात होतं. ब्रिटिश साम्राज्यातल्या प्रदेशांच्या मालाला मिळणाऱ्या शुल्कसवलतीमुळे त्याचं सुती कापड ब्रिटनमध्ये स्वस्तात उतरायचं. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापडगिरण्या त्याने इतक्या जेरीस आल्या की १९५९ मध्ये हाँगकाँगला निर्यात आवरती घ्यावी लागली. पुढे १९७३ मध्ये ब्रिटन युरोपीय समुदायात गेला आणि ही जुनी सवलतही टप्प्याटप्प्याने संपली. युरोपच्या जीएसपी सवलतीच्या नव्या यादीत हाँगकाँग होतं खरं, पण सुरुवातीला त्याचं कापड आणि पादत्राणं वगळूनच! ज्या कामात त्याचा हात बसला होता, नेमकं तेच बाहेर.

उरलेल्या मालावरही अटी होत्या. हाँगकाँगमध्ये जोडलेला एक रेडिओ घ्या. ट्रान्झिस्टर आणि स्पीकर जपानचे, प्लास्टिकचं खोकं आणि जुळणीची मजुरी तेवढी तिथली. अमेरिकेचा नियम असा, की किमतीचा किमान ३५ टक्के भाग सवलत मिळणाऱ्या प्रदेशातल्याच साहित्याचा आणि थेट प्रक्रियेच्या खर्चाचा हवा. म्हणजे २० डॉलरच्या रेडिओत ७ डॉलर. ते भरले नाहीत, तर पूर्ण शुल्क. शिवाय अमेरिकेत येणाऱ्या एखाद्या वस्तूत एकाच प्रदेशाचा वाटा निम्म्यावर गेला, तर त्या प्रदेशाची त्या वस्तूपुरती सवलत जायची. १९८९ च्या आरंभी अमेरिकेने हाँगकाँगला यादीतूनच काढलं.

मला खटकतं ते हे, की यातलं बरंच काही ठरत असताना हाँगकाँगच्या वतीने बोलणारा होता ब्रिटन, ज्याला लँकेशायरच्या गिरण्याही सांभाळायच्या होत्या. गॅटमध्ये, म्हणजे आयातशुल्क आणि व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारात, हाँगकाँगला स्वतःची जागा १९८६ मध्ये मिळाली.

तरीही तिथली निर्यात वाढतच गेली, आणि त्याचं श्रेय मी सवलतीला फारसं देणार नाही. हाँगकाँगच्या कापड-कपड्यांच्या निर्यातीवर कोटे, म्हणजे कमाल मर्यादा होत्या; त्या नगांवर किंवा वारांवर मोजल्या जात, किमतीवर नाही. नग वाढवता येत नाहीत म्हटल्यावर कारखानदारांनी प्रत्येक नगाची किंमत वाढवली: साध्या सदऱ्याऐवजी उंची, फॅशनचे कपडे शिवायला घेतले. सवलतीपेक्षा या निर्बंधानेच त्यांचा धंदा जास्त बदलला.