पेशी-आसंजन रेणू आणि कर्करोगाचा प्रसार

पेशीला शेजारच्या पेशीशी किंवा भोवतालच्या आधारद्रव्याशी जोडून ठेवणाऱ्या पेशीपटलावरील प्रथिनांना पेशी-आसंजन रेणू म्हणतात. कॅडहेरिन, इंटिग्रिन, सिलेक्टिन आणि इम्युनोग्लोब्युलिन कुलातील प्रथिने हे त्यांचे मुख्य गट आहेत. कर्करोगाने होणारे बहुतेक मृत्यू मूळ गाठीपेक्षा तिच्या प्रसारामुळे होतात आणि या प्रसाराच्या प्रत्येक टप्प्यावर हे रेणू काम करतात.

सर्वाधिक अभ्यास झाला आहे तो ई-कॅडहेरिनचा. कॅल्शियमच्या साहाय्याने ते शेजारच्या पेशीवरील तशाच रेणूत गुंतते. त्याचे आतले टोक कॅटेनिन प्रथिनांमार्फत पेशीच्या आतल्या सांगाड्यातील ॲक्टिनच्या तंतूंना बांधलेले असते. ते नाहीसे झाले की अस्तराची वीण उसवते. स्तनाच्या खंडिकीय कर्करोगात हे सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसते: पेशी एकामागे एक रांगेत ऊतीत शिरलेल्या असतात आणि ई-कॅडहेरिनसाठी रंजन केले तर त्यांच्या कडा बहुधा रंगतच नाहीत. ई-कॅडहेरिनच्या जनुकातील आनुवंशिक दोषामुळे जठराचा विसरित (एकसंध गाठ न होता भिंतीत विखुरणारा) कर्करोग होतो, हे १९९८ मध्ये न्यूझीलंडमधील माओरी कुटुंबांच्या अभ्यासातून सिद्ध झाले.

मात्र ‘आसंजन गेले की कर्करोग पसरतो’ हे सूत्र अपुरे आहे. स्तनाच्या नलिकाजन्य कर्करोगात ई-कॅडहेरिन अनेकदा शाबूत असते, तरीही तो पसरतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगांत ते काढून टाकल्यावर पेशींचा शिरकाव वाढला, पण त्या मोठ्या प्रमाणात मरू लागल्या आणि दूरच्या अवयवांतील गाठी घटल्या. रक्तात एकमेकींना धरून पुंजक्याने फिरणाऱ्या पेशीही एकट्या पेशींपेक्षा कितीतरी सहज नवी गाठ धरतात. पसरणाऱ्या पेशीला सुटता यावे लागते, तसेच पुन्हा चिकटताही यावे लागते.

नव्या जागी चिकटण्याच्या कामी सिलेक्टिन येतात. रक्तवाहिनीच्या अस्तरावरील ई-सिलेक्टिन पांढऱ्या पेशींना त्यांच्यावरील शर्करासाखळ्या पकडून थोपवते. कर्करोगपेशी तशाच शर्करासाखळ्या पृष्ठभागावर धारण करून त्याचा फायदा घेतात. स्वादुपिंडाच्या कर्करोगात रक्तात मोजला जाणारा सीए १९-९ हा कर्करोगसूचक अशाच साखळीचा घटक आहे.

पुढे आधारद्रव्याशी जोडणी इंटिग्रिन करतात आणि पेशीला जगण्याचे संकेत देतात. ही जोडणी रोखणारे सिलेंजिटाइड हे औषध ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगावर आजमावले गेले, पण तिसऱ्या टप्प्यातील चाचणीत त्याने रुग्णांचे आयुष्य वाढले नाही. एका इंटिग्रिनची वाट अडवली तरी पेशीकडे इतर असतात; मानवात इंटिग्रिनचे २४ प्रकार आहेत.